चौसाळ्यापर्यंतचं गणित

आमच्या रूमच्या भिंतीवर अजून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर स्केचपेनने लिहिलंय : बीड ते तुळजापूर, अंतर १८० किमी, सरासरी वेग ताशी १८, सायकल चालवण्याचा वेळ १० तास, विश्रांती १ तास. पहाटे साडेपाचला निघायचं, दुपारी साडेचारला आईचं दर्शन. खाली लफ्फेदार सही, ती माझी. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असल्यामुळे भागाकार बरोबर आहे. बाकी सगळं चुकलं, आणि ते कुठे चुकलं हे लिहावं म्हणून हा लेख. पुढच्या वर्षी होस्टेलमधून कोणीतरी पुन्हा निघणारच, त्यांना उपयोग व्हावा.

बीडहून तुळजापूरला जायला सरळ सोलापूर-धुळे हायवे आहे, पूर्वीचा २११ नंबर, आता ५२. मग १८० किमी कशाला? कारण आम्हाला हायवेने जायचंच नव्हतं. आमच्यातल्या एकाकडे, त्याला पुणेकर म्हणू, नवी ग्रॅव्हल बाईक आली होती. रेसरसारखं वाकडं हॅन्डल, पण टायर जाड, साधारण ४० मिलिमीटरचे, आणि पुढे-मागे डिस्क ब्रेक. ग्रॅव्हल म्हणजे खडी. परदेशात खडीच्या रस्त्यांवर लांब अंतराच्या शर्यती होतात. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावी २००६ पासून अशी २०० मैलांची शर्यत भरते आणि तिथल्या धारदार गारगोट्या टायर फाडतात म्हणून प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे खडी कमी, पण मुरूम, गाडीवाट, शिवरस्ता, पाणंद हा सगळा माल भरपूर. म्हणून बेत असा ठरला की मांजरसुंब्यावरून लिंबागणेश, पाटोदा असं डांबरीने जायचं, तिथून शिवरस्त्यांनी चौसाळा गाठायचं आणि पुढे हायवेच्या कडेकडेच्या कच्च्या वाटांनी येरमाळा, येडशी करत तुळजापूर.

आम्ही चौघे. पुणेकराची ग्रॅव्हल बाईक, नाशिककराची गिअरवाली एमटीबी, माझी मध्यम टायरची हायब्रीड, आणि सोलापूरकराची साधी काळी सायकल. मागे कॅरिअर, पुढे ४४ दाती चाक, मागे १८ दाती फ्रीव्हील, गिअर एकच. ती पण मेसच्या काकांकडून मागून आणलेली. तो म्हणाला होता, ‘‘अरे, शाळेत रोज बारा किलोमीटर मारायचो, मला काय होतंय.’’ आम्हीही म्हणालो, खरंच, याला काय होतंय.

आता थोडं गणित. कंटाळू नका, इथेच सगळी गोम आहे.

सायकलवाल्याला सपाटीवर दोन गोष्टी मागे ओढतात. एक हवा, दुसरं टायर आणि जमीन यांच्यातलं लोळण-घर्षण, म्हणजे रोलिंग रेझिस्टन्स. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरू, वजन झालं ८३४ न्यूटन. चांगल्या डांबरावर लोळण-घर्षणाचा गुणांक ०.००६ धरला तर ओढ येते ५ न्यूटन. सुट्या मुरुमावर तोच ०.०२ धरला तर जवळजवळ १७ न्यूटन. (हे आकडे टायर, हवा आणि रस्त्याप्रमाणे बदलतात, अंदाजाचे समजा.) हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. ताशी २० ला तो सुमारे ९ न्यूटन येतो. म्हणजे डांबरावर ताशी २० ने जायला एकूण १४ न्यूटन आणि पायांना ७७ वॅट. मुरुमावर त्याच वेगाला २६ न्यूटन, म्हणजे १४२ वॅट. जवळजवळ दुप्पट!

दिवसभर कोणी दुप्पट देऊ शकत नाही. मग उलटं मांडा : पाय तेच ७७-७८ वॅट देणार असतील तर मुरुमावर वेग किती? उत्तर ताशी साडेतेरा. माझ्या कागदावरचा १८ हा आकडा आदल्या रविवारी गुळगुळीत हायवेवर मोजलेला होता. प्रयोग एका रस्त्यावर केला आणि निष्कर्ष दुसऱ्या रस्त्याला लावला. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये असं केलं असतं तर सरांनी पान फाडलं असतं.

यातून आणखी एक गोष्ट निघते, ती मला आधी सुचली नव्हती. डांबरावर ताशी २० ला १४ पैकी ९ न्यूटन हवेचे. म्हणून मित्राच्या मागे चिकटून सायकल चालवली की बराच फायदा होतो, कमजोर गडी मागे लपून निभावतो. मुरुमावर साडेतेराच्या वेगाला हवा उरते २१ पैकी ४ न्यूटन. मागे लपून मिळणार काय? फुफाटा. ग्रुपमध्ये असण्याचा सगळ्यात मोठा यांत्रिक फायदा कच्च्या रस्त्यावर जवळजवळ संपतो. तिथे प्रत्येक जण आपापला असतो, फक्त दिसायला चौघे बरोबर असतात.

तर, फेब्रुवारीचा शेवटचा रविवार. पहाटे साडेपाचला निघालो. खजाना विहिरीचा फाटा अंधारातच गेला. पालीच्या पुढे बालाघाटाची चढण सुरू होते आणि मांजरसुंब्याचा घाट लागतो. सोलापूरकर पहिल्यांदा मागे पडला तो इथेच. त्याचं कारणही मोजता येतं. ४४ भागिले १८ म्हणजे पायडलच्या एका फेरीत मागचं चाक सुमारे २.४ वेळा फिरतं आणि सायकल ५.४ मीटर पुढे जाते. पाच टक्के चढावर ५.४ मीटर म्हणजे २७ सेंटिमीटर उंची. त्याचं आणि त्या जड सायकलचं मिळून ९० किलो वजन पायडलच्या दर फेरीला वीतभर उंच उचलायचं. पायावर सरासरी २३ किलोचा जोर येतो, तोही केवळ चढाचा, घर्षण वेगळंच. पुणेकराच्या सर्वांत हलक्या गिअरला सायकल एका फेरीत जेमतेम दोन मीटर जाते, म्हणजे जोर निम्म्याहूनही कमी. तो वर जाऊन चहा सांगून बसला होता. सोलापूरकर आला तेव्हा आमचे पोहे संपलेले होते. त्याने उभ्याउभ्या चहा घेतला आणि आम्ही म्हणालो, ‘‘चला, उशीर होतोय.’’

हे वाक्य लक्षात ठेवा.

पाटोद्याला पोचलो नऊ वीसला. कागदाप्रमाणे आठला पोचायचं होतं. तरी सगळे मजेत होते. पाटोद्याच्या पुढे डांबरी सोडली आणि खरा कच्चा रस्ता सुरू झाला. हा भाग सुंदर आहे, हे कबूल केलंच पाहिजे. मांजरा नदी याच तालुक्यातल्या डोंगरात, गवळवाडीजवळ उगम पावते. उघडीबोडकी पठारं, मधेच एखादी हिरवी पट्टी, ज्वारीची काढणी चाललेली, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या. बऱ्याच वस्त्यांवर दाराला कुलूप. माणसं ऊसतोडीला गेलेली, म्हातारीकोतारी आणि शाळेतली पोरं मागे. शेतकरी विचारायचे, ‘‘कुठं निघालाव?’’ तुळजापूर म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘‘मग हिकडून कामून? तिकडं सडक हाय की.’’ याला उत्तर आमच्याजवळ नव्हतं. पुणेकराने एकाला ग्रॅव्हल म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाणी दिलं.

सिव्हिलच्या मित्रांसाठी थोडं रस्त्याबद्दल. पठारावर मुरूम आहे तोवर सायकल चालते. दबलेला लाल मुरूम तर डांबराच्या खालोखाल. पण सखल भागात काळी माती लागते. पावसाळ्यात ती चाकाला चिकटून मडगार्डमध्ये गच्च बसते, हे सगळ्यांना माहीत आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला तिचा मैद्यासारखा फुफाटा होतो आणि बैलगाडी-ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या त्यात लपलेल्या असतात. पुढचं चाक चाकोरीत अडकलं की माणूस आडवा. यात हवा किती भरायची हा मोठा प्रश्न आहे. घट्ट भरली तर टायर प्रत्येक दगडावर उडतो आणि त्या उडण्यात ताकद वाया जाते, शिवाय हात सुन्न होतात. कमी भरली तर ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. जाड टायरचा खरा उपयोग एवढाच की हवा कमी ठेवूनही चिमटा बसत नाही. पुणेकराने पस्तीस पीएसआय ठेवली होती. मी निघताना हायवेच्या हिशेबाने घट्ट भरली होती आणि पाटोद्यानंतर तासाभराने व्हॉल्व्ह दाबून सोडली. सोलापूरकराच्या जुन्या टायरला हवा कमी करून चालणारच नव्हतं.

आणि काटे. सराटा आणि वेडी बाभूळ. पाटोदा ते चौसाळा बत्तीस किलोमीटरमध्ये चार पंक्चर झाले : दोन सोलापूरकराचे, एक माझं, एक नाशिककराचं. पुणेकराच्या टायरमध्ये ट्यूबच नाही, आत पातळ चीक असतो, काटा लागला की भोक स्वतःच बुजतं. प्रोबॅबिलिटी शिकताना आपण घोकतो, पण तेव्हा डोक्यात आलं नाही : समजा एका सायकलने हा पट्टा बिनबिघाड पार करण्याची शक्यता ०.८ आहे. चौघे एकत्र असतील आणि एक थांबला की सगळे थांबत असतील, तर ०.८ चा चौथा घात, म्हणजे ०.४१. चार दिवे सिरीजमध्ये जोडल्यासारखं. एकट्याला जो रस्ता बरा, तो चौघांना निम्म्याहून अधिक वेळा अडवणार.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. माझ्या फोनमध्ये सगळी नोंद होती. पाटोदा सोडलं ९.२० ला, चौसाळ्यात पोचलो २.२५ ला. पाच तास पाच मिनिटं. त्यातला चालता वेळ २ तास ५० मिनिटं, थांबलेला वेळ २ तास १५ मिनिटं. म्हणजे विश्रांती भरपूर झाली, असं मला वाटत होतं. होस्टेलवर परत आल्यावर रात्री झोप येईना म्हणून ही नोंद पुन्हा काढून बसलो. आम्ही तिघे पुढे जाऊन सोलापूरकरासाठी सात वेळा थांबलो होतो. त्या सात थांब्यांची बेरीज ६३ मिनिटं. त्या ६३ मिनिटांत आम्ही लिंबाखाली बसून चिक्की खात होतो, फोटो काढत होतो. तो मात्र त्या वेळात सायकल चालवतच होता! तो आला की आम्ही उठायचो. ‘‘आलास? चला मग.’’ आम्हाला वाटायचं, आपण त्याच्यासाठी थांबतोय.

त्याचा हिशेब वेगळा मांडला. माझे २ तास ५० अधिक ही ६३ मिनिटं, म्हणजे तो ३ तास ५३ मिनिटं चालत होता. उरली ७२ मिनिटं. त्यातली ५० त्याच्या स्वतःच्या दोन पंक्चरची, ती त्यानेच उन्हात बसून काढली, कारण ‘‘काकांची सायकल आहे, मीच बघतो.’’ राहिली २२ मिनिटं. पाच तासांत ज्याला सगळ्यात जास्त विश्रांती हवी होती त्याला बावीस मिनिटं मिळाली, आणि ज्याला गरजच नव्हती त्या पुणेकराला सव्वादोन तास.

पाण्याचंही तसंच. तिघांच्या सायकलला बाटलीची जाळी होती, दोन-दोन लिटर पाणी होतं. सोलापूरकराच्या कॅरिअरला लावलेल्या पिशवीतली एक बाटली कुठेतरी पडली, ती त्याने सांगितलीच नाही. उन्हात असे कष्ट करताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. पाच तासांचे किती होतात ते तुम्हीच करा.

चौसाळा चार-पाच किलोमीटर राहिलं होतं. ज्वारी काढणारी मंडळी बांधावर जेवायला बसली होती, तिथे आमचा सातवा थांबा. सोलापूरकर आला, सायकल आडवी टाकली आणि म्हणाला, ‘‘मांजरसुंबा गेलं का?’’ आम्ही हसलो. त्याने पुन्हा विचारलं. नाशिककर म्हणाला, भंकस करतोय. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा एक मावशी भाकरी ठेवून उठल्या आणि त्याचा हात धरून आमच्यावर ओरडल्या, ‘‘लेकराच्या अंगावर काटा आलाय की! अन् तुमी फोटू काढीत बसलाव?’’ खरंच, भर उन्हात त्याच्या हातावर शहारे होते आणि शर्ट वाळलेला होता. घाम बंद झाला होता.

मित्रहो, हे तेवढं पाठ करा. उन्हात कष्ट करताना डोकं दुखणं, मळमळणं, थंडी वाजल्यासारखं होणं हे पहिले इशारे आहेत. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा घाम थांबला, तर तो थकलेला नाही, आजारी आहे. तिथे ‘जरा बस, बरं वाटेल’ चालत नाही. सावलीत न्यायचं, कपडे सैल करून अंग भिजवायचं, वारा घालायचा आणि ताबडतोब दवाखाना. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच थोडं थोडं पाणी द्यायचं. साखर-मिठाचं प्रमाण सोपं आहे, एक लिटरला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. आम्हा तिघांपैकी कोणालाही हे तेव्हा माहीत नव्हतं. मावशींनी त्यांची घागर त्याच्या डोक्यावर रिती केली. त्यांच्या मुलाने मोटारसायकल काढली, सोलापूरकराला मध्ये बसवलं, मागे नाशिककर, आणि चौसाळ्याच्या दवाखान्यात नेलं. आम्ही दोघे सायकली घेऊन मागून पोचलो. तोवर सलाईन लावलेलं होतं.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘याने शेवटची लघवी कधी केली?’’ आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सकाळपासून एकालाही माहीत नव्हतं. त्याची सरासरी, त्याचे पंक्चर, त्याचे दात किती, सगळं माहीत होतं. डॉक्टर फार काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘अजून तासभर ओढलं असतं तर मी त्याला बीडला पाठवलं असतं.’’

त्याला चार वाजता बरं वाटायला लागलं. तेव्हा आणखी एक प्रसंग झाला, लिहू की नको असं वाटत होतं. सोलापूरकर स्वतःच म्हणाला, ‘‘तुम्ही जा रे तिघं. हायवेने गेलात तर रात्री पोचाल. मी एसटीने जातो.’’ चौसाळ्याहून तुळजापूर अजून शंभरच्या वर. अंधार साडेसहालाच पडणार, आणि एकाच्याच सायकलला दिवा. तरी क्षणभर मी मनात भागाकार केला, हे खरं आहे. बोललो काहीच नाही. पुणेकराने हेल्मेट काढून कॉटच्या खाली ठेवलं आणि म्हणाला, ‘‘चहा आणतो.’’ त्याच्याबद्दल वर थोडं तिरकस लिहिलंय, म्हणून हेही लिहिलं पाहिजे.

लांब अंतराच्या सायकलिंगमध्ये ब्रेव्हे नावाचा प्रकार आहे. त्यात २०० किमीला साडेतेरा तास मिळतात आणि जेवण, झोप, पंक्चर सगळं त्यातच, घड्याळ थांबत नाही. सरासरी येते ताशी पंधराच्याही खाली. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १८९१ पासूनची जुनी वारी, तिथे १२०० किमीला ९० तास, म्हणजे ताशी १३. जगभरचे कसलेले लोक यात धन्यता मानतात, आणि आम्ही मुरुमावर १८ धरून बसलो होतो! नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली रेस अॅक्रॉस अमेरिका ही सुमारे ४८०० किमीची शर्यत दोघांच्या संघात ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. एक भाऊ सायकलवर असायचा तेव्हा दुसरा विसावा घ्यायचा, अशी आळीपाळी. इतक्या लांब जायला नको. नवरात्रात आपल्याच गावातली पोरं तुळजापूरहून ज्योत घेऊन पळत येतात, मागे टेम्पो असतो. दमलेला टेम्पोत चढतो, ताजा उतरून ज्योत घेतो. कोणाला कधी बसवायचं हे तिथे बरोबर कळतं. त्यांच्यातल्या कुणाला रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक विचारून पाहा.

परत येताना सोलापूरकडून येणारी एक रिकामी पिकअप मिळाली. चार सायकली आडव्या टाकल्या, आम्ही हौद्यात. सोलापूरकर ड्रायव्हरशेजारी बसला आणि मांजरसुंब्याला मागची काच वाजवून ओरडला, ‘‘आता गेलं बघा मांजरसुंबा!’’ रेक्टर सर गेटवरच उभे होते. त्या संवादाचा इथे उपयोग नाही.

भिंतीवरच्या कागदाखाली आता दुसरा कागद लागला आहे. पाटोद्याचा फेरा काढून टाकला, पहिल्या दिवशी चौसाळामार्गे येरमाळ्यापर्यंतच, मुक्काम, दुसऱ्या दिवशी पुढे. मुरुमाचा वेग थांबे धरून ताशी दहा. जड सायकल पाळीने चौघांनी चालवायची, ग्रॅव्हल बाईकसुद्धा पाळीने. पाणी दर तासाला, सगळ्यांसमोर. थांब्यावर निघायची वेळ शेवटी पोचलेला सांगणार, आणि तो आल्यावर किमान दहा मिनिटं कोणी उठायचं नाही. या कागदावर सही सोलापूरकराची आहे. त्याखाली त्याने पेन्सिलने लिहिलंय, ‘‘पोहे गरम पाहिजेत.’’